'कम्फर्ट' म्हणून विकलेल्या मागच्या लिफ्ट स्प्रिंगबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: रोजच्या वापरासाठी मागितलेल्या मागच्या लिफ्ट स्प्रिंगऐवजी कायम भाराच्या स्प्रिंग दिल्याबाबत तक्रार, बदली व खर्चभरपाईची मागणी

महोदय,

आपल्या कंपनीकडून मी माझ्या एसयूव्हीसाठी पुढच्या आणि मागच्या लिफ्ट स्प्रिंग, म्हणजे गाडीची उंची वाढवणाऱ्या सस्पेन्शनच्या स्प्रिंग, घेतल्या. पुढच्या जोडीबद्दल माझी काहीही तक्रार नाही. मागच्या जोडीने मात्र गाडीत बसणे नकोसे करून टाकले आहे. फोनवर दिलेल्या उत्तरांनी काहीच निष्पन्न झाले नाही, म्हणून हे पत्र सविस्तर लिहिते आहे.

ऑर्डर देण्याआधी मी आपल्या प्रतिनिधीला गाडीचा वापर स्पष्ट सांगितला होता. रोज मी एकटी किंवा आम्ही दोघे, डिकी रिकामी. अधूनमधून घरची मंडळी आणि सामान मिळून मागच्या भागावर सुमारे २०० किलो. ट्रेलर नाही, टपावर कॅरिअर नाही. भरलेली गाडी उंच गतिरोधकावर खालून घासते, एवढ्यासाठीच उंची हवी होती. आणि मागच्या सीटवर आई बसते, तिच्या कमरेला धक्के सोसत नाहीत, म्हणून आराम जाता कामा नये, हेही मी सांगितले होते. हे सगळे आमच्या ई-मेलमध्ये आहे. त्यावर आपण पुढे ४० मिमी आणि मागे ५० मिमी लिफ्टचा 'कम्फर्ट' संच सुचवला. मूळ शॉक अ‍ॅब्सॉर्बर ५० मिमीपर्यंत चालतात, बदलायची गरज नाही, असेही लेखी कळवले.

स्प्रिंग बसवल्यावर चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजले. टायरमधल्या हवेने फरक पडू नये म्हणून जमिनीपासून मोजले नाही. पुढची उंची बरोबर ४० मिमीने वाढली. मागची वाढली ८५ मिमीने. गाडी नाकावर झुकून उभी राहते, हे लांबूनही दिसते. रस्त्यावर तर ती रिकाम्या टेम्पोसारखी उडते. छोट्या खड्ड्यातही मागून 'खट्ट' असा लोखंडी आवाज येतो आणि गतिरोधक ओलांडताना मागची सीट माणसाला वर फेकते. आईने या गाडीत बसणे सोडले आहे.

हे कशामुळे झाले, ते मी शोधून काढले. गॅरेजमधल्या प्रेसवर मूळ आणि नवी, दोन्ही स्प्रिंग भार मोजत दाबून पाहिल्या. मूळ स्प्रिंग १ मिमी दाबायला सुमारे २.९ किलो भार लागतो, म्हणजे तिचा रेट मिलिमीटरला २८ न्यूटन आहे. आपली स्प्रिंग १ मिमी दाबायला सुमारे ४.३ किलो, म्हणजे ४२ न्यूटन. दीडपट कडक. कॅलिपर लावल्यावर कारणही दिसले. मूळ तारेची जाडी १४ मिमी आहे, आपल्या तारेची १५.५ मिमी. वेटोळ्यांचा व्यास आणि संख्या जवळपास तीच. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातात वाढतो, म्हणून डोळ्यांना जेमतेम जाणवणाऱ्या दीड मिलिमीटरने रेट ५० टक्क्यांनी वर जातो.

त्यानंतर मी बराच आग्रह धरला, तेव्हा आपल्या कार्यालयाने विक्रेत्यांसाठी असलेला तक्ता पाठवला. माझ्या स्प्रिंगवर छापलेल्या पार्ट नंबरापुढे त्यात लिहिले आहे: '५० मिमी, कायम भार ३०० किलो'. या जोडीने ५० मिमी उंची द्यावी अशी अपेक्षा आहे ती मागे सतत ३०० किलो असताना. मागे जड बंपर, दोन स्टेपनी, खणांची लाकडी पेटी आणि फ्रिज कायमचे बसवलेल्या गाडीसाठी ती योग्यच असेल. माझ्या गाडीत यातले काहीच नाही. ३०० किलो म्हणजे प्रत्येक स्प्रिंगवर १५० किलो. तो भार नसेल तर ४.३ किलोला १ मिमी या हिशेबाने स्प्रिंग ३५ मिमी कमी दबणार. छापील ५० मध्ये हे ३५ मिळवा. मी मोजलेले ८५ नेमके तिथूनच येतात. म्हणजे स्प्रिंगमध्ये बनावटीचा दोष नाही. आपण दुसऱ्याच कामाची स्प्रिंग मला दिली आणि वर 'कम्फर्ट' असा शिक्का मारला, ही माझी तक्रार आहे.

उंची दोन वाटांनी मिळते, हे आपल्याला मी सांगायला नको. रेट तोच ठेवून स्प्रिंगची मोकळी (भार नसतानाची) लांबी वाढवायची, किंवा रेट वाढवून गाडी कमी दबू द्यायची. पहिल्या वाटेने चाल जवळपास मूळचीच राहते. दुसरी वाट भार वाहणाऱ्यासाठी आहे. माझ्या पुढच्या जोडीत आपण पहिलीच वाट धरली आहे: रेट मूळ स्प्रिंगएवढा, लांबी जास्त. पुढे जमले ते मागे का जमू नये?

चालकासह रिकाम्या गाडीत माझ्या प्रत्येक मागच्या स्प्रिंगवर सुमारे ४०० किलो येतात. मूळ स्प्रिंग त्याखाली १४० मिमी दबते, आपली फक्त ९३ मिमी. स्प्रिंग जितकी कमी दबते तितके गाडीचे वरखाली होणे घाईचे होते. मूळ स्प्रिंगवर मागचा भाग सेकंदाला साधारण १.३ वेळा झुलायचा, आता १.६ वेळा. आरामदायी गाड्यांमध्ये हा आकडा १ ते १.५ च्या दरम्यान ठेवतात. फरक कागदावर किरकोळ वाटेल, पण सीटवर बसणाऱ्यासाठी तो असा आहे: चाक १ सेंटीमीटर वर उचलले गेले की मूळ स्प्रिंग बॉडीला २९ किलोच्या आसपास धक्का द्यायची, आता तो ४३ किलोचा झाला. माणसाचे शरीर सेकंदाला ४ ते ८ या पट्ट्यातल्या उभ्या कंपनांना सर्वांत हळवे असते. खराब डांबरावर त्या पट्ट्यातला जो धक्का स्प्रिंगवाटे वर येतो, तो याच प्रमाणात वाढला आहे.

आपल्या तांत्रिक विभागाने फोनवर उत्तर दिले की मागची स्प्रिंग पुढच्यापेक्षा कडक असतेच. थोडी असते, हे मला मान्य आहे. पुढची चाके उंचवट्यावर आधी चढतात, मागची नंतर. मागचा भाग किंचित जलद झुलला तर तो पुढच्याला गाठतो आणि गाडी डुलायची थांबते. सस्पेन्शनचे अभियंते मॉरिस ऑली यांनी १९३० च्या दशकातच हे मांडले होते. पण माझ्या गाडीत मूळचा फरक सुमारे १० टक्के होता, तो आता ३५ टक्क्यांवर गेला आहे. इतक्या फरकाला त्या तत्त्वाचा आधार देता येणार नाही.

'खट्ट' आवाजाचे कारण शॉक अ‍ॅब्सॉर्बर आहे, आणि सर्वांत जास्त राग मला याच गोष्टीचा आहे. माझ्या गाडीत उभ्या स्थितीतून चाक खाली लोंबायला १०० मिमी जागा होती. बॉडी ८५ मिमी वर गेल्यावर त्यातले १५ मिमी उरले. खड्ड्यात चाक त्याहून खाली जाऊ पाहते, शॉक अ‍ॅब्सॉर्बर पूर्ण ताणला जातो आणि आतून आपटतो. प्रत्येक खड्ड्याला हेच. शिवाय दीडपट कडक स्प्रिंगपुढे त्याच शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा आवर तुलनेने सुमारे १८ टक्क्यांनी कमी पडतो, म्हणून उडालेली गाडी लवकर शांतही होत नाही. चाक वर जायला भरपूर जागा आहे, पण खाली जायला नाही. उंची वाढवताना बहुतेक लोक फक्त वरची जागा बघतात. रोजच्या रस्त्यावरचा आराम खालच्या जागेवर तितकाच अवलंबून असतो, आणि हे ग्राहकाला सांगणे विकणाऱ्याचे काम आहे.

यापेक्षा गंभीर बाब ब्रेकची आहे. माझ्या गाडीत मागच्या अ‍ॅक्सलला दांडीने जोडलेला, भार ओळखून मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह आहे. बॉडी वर गेली की त्याला गाडी रिकामी झाल्यासारखी वाटते आणि तो मागच्या ब्रेकचा दाब कमी करतो. उंची वाढवल्यावर त्याची जोडणी पुन्हा बसवावी लागते. आपल्या फिटिंगच्या कागदात याबद्दल एक ओळही नाही. माझ्या मेकॅनिकच्या लक्षात आले म्हणून ते काम झाले.

दिव्यांचेही तेच. मागचा भाग पुढच्यापेक्षा ४५ मिमी जास्त उचलला गेला, दोन अ‍ॅक्सलमधले अंतर २७५० मिमी. म्हणजे गाडी, आणि तिच्याबरोबर हेडलाइटचा झोत, १.६ टक्क्यांनी खाली झुकला. दिवा जमिनीपासून ९० सेंमीवर आणि मूळ झुकाव १ टक्का धरला, तर ९० मीटरवर जमिनीला टेकणारा झोत ३५ मीटरवरच टेकतो. रात्री घरी परतताना समोरचा रस्ता एकदम आखूड झाल्यासारखा का वाटत होता, ते हे गणित केल्यावर कळले.

आता आपण आजवर दिलेल्या उत्तरांबद्दल. 'स्प्रिंग बसायला वेळ लागतो.' नवी स्प्रिंग सुरुवातीला काही मिलिमीटर बसते, पण त्याने उंची थोडी घटते, रेट तोच राहतो. तार बारीक होत नाही. 'फिटिंगचा दोष असेल.' गाडी जॅकवर असताना बुशचे (सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या रबराचे) नट आवळले तर रबर पिळलेले राहते आणि चाल कडक होते, हे खरे. म्हणून सर्व नट ढिले करून, गाडी चाकांवर उभी असताना पुन्हा आवळून घेतले. फरक पडला नाही. 'टायरमधली हवा कमी करा.' गाडीच्या दारावर लिहिलेल्या दाबापेक्षा कमी हवा ठेवून मी गाडी चालवणार नाही. 'डिकीत कायम थोडे वजन ठेवा.' या उत्तराने तर आपणच कबूल केले की ही स्प्रिंग भारासाठी आहे. ती सुखाने चालावी म्हणून मी रोज वाळूची पोती का वाहून न्यायची?

माझ्या वापराला कोणती स्प्रिंग हवी होती, तेही लिहिते, म्हणजे बदली देताना पुन्हा अंदाज नको. रेट १ मिमीला २.९ ते ३.१ किलो, आणि रिकाम्या गाडीत ४० ते ४५ मिमी उंची देईल एवढी मोकळी लांबी. घरची मंडळी आणि सामान मिळून २०० किलो आले तरी अशी स्प्रिंग ३५ मिमीपेक्षा जास्त दबणार नाही, म्हणजे भरलेली गाडीही मूळ रिकाम्या उंचीच्या खाली जाणार नाही. माझी गरज एवढीच होती. कधी जास्त भार आलाच, तर स्प्रिंगच्या आत बसणाऱ्या हवेच्या पिशव्या आपल्याच यादीत आहेत. त्या हव्या तेव्हा फुगवता येतात, आणि एरवी कमी दाबावर ठेवल्या तर चाल फारशी बिघडत नाही. दोन टप्प्यांची प्रोग्रेसिव्ह (आधी मऊ, दबत गेल्यावर कडक होणारी) स्प्रिंग देऊ केलीत तर तिची मऊ वेटोळी रिकाम्या गाडीच्या वजनानेच मिटत नाहीत ना, हे आधी लेखी कळवा. ती तिथेच मिटली तर रोजच्या वापरात मला पुन्हा कडक स्प्रिंगच मिळेल. आणि ४० मिमीच्या वर जायचे असेल, तर त्या लांबीचे, त्या रेटला जुळणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर सोबत द्यावे लागतील.

माझ्या मागण्या अशा: वरील वर्णनाची मागची जोडी विनामूल्य मिळावी, किंवा मागच्या जोडीची पूर्ण किंमत परत मिळावी. स्प्रिंग बसवणे, काढणे, ब्रेक व्हॉल्व्हची जोडणी आणि दिव्यांची जुळवणी यांचा खर्च मिळावा. पावत्या जोडल्या आहेत. सतत आपटल्यामुळे मागच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरमधून तेल पाझरू लागले आहे, त्यांची तपासणी आपल्या खर्चाने व्हावी.

एक मागणी माझ्यापुरती नाही. विक्रीच्या पानावर प्रत्येक स्प्रिंगचा रेट, मोकळी लांबी आणि किती भाराला किती उंची मिळते, हे छापा. हे आकडे आपल्याकडे आहेत, विक्रेत्यांना आपण ते देताच. ज्याच्या पाठीला धक्का बसणार त्यालाच ते दिसत नाहीत. याच पार्ट नंबरची जोडी 'कम्फर्ट' नावाने ज्यांनी घेतली, त्यांना ब्रेक व्हॉल्व्हबद्दल तरी तातडीने कळवा. त्यांच्या मेकॅनिकच्या ते लक्षात आलेच असेल, असे धरून चालता येणार नाही.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तराची अपेक्षा आहे. तोपर्यंत मी मागे मूळ स्प्रिंग परत बसवून घेतल्या आहेत. त्यामुळे गाडीचे नाक वर राहते, आणि दिवे व ब्रेक व्हॉल्व्ह पुन्हा जुळवावे लागले. ही तात्पुरती सोय आहे. आपली जोडी मूळ खोक्यात बांधून ठेवली आहे. ती नेण्यासाठी माणूस कधी पाठवणार, तेही उत्तरात कळवावे.

आपली,
एक ग्राहक

सोबत: ऑर्डरची पावती, ई-मेलच्या प्रती, उंचीच्या मोजमापांचे फोटो, प्रेसवरील नोंदी, विक्रेत्यांच्या तक्त्याची प्रत, गॅरेजच्या पावत्या