भाऊसाहेब, साडेतीन एकर उसाचं गणित अजून भिंतीवर आहे

आदरणीय भाऊसाहेब,
सप्रेम नमस्कार.

पुढच्या महिन्यात तुम्ही रिटायर होताय, असं आपल्या शिपायानं पंचायत समितीतून आल्यावर सांगितलं. शाल-श्रीफळ तुमच्या आत्ताच्या गावची माणसं देतील. आमच्याकडून हे पत्र. तुमचं नाव लिहीत नाही. कोनशिलेवर ग्रामसेवकाचं नाव टाकायला निघालेल्या गवंड्याला तुम्ही कसं परत पाठवलं होतं, ते माझ्या लक्षात आहे.

तुम्ही 2016 ला आमच्या गावी ग्रामसेवक म्हणून आलात तेव्हा मी ग्रामपंचायत सदस्य होते, म्हणजे कागदावर होते. आरक्षण निघालं, घरच्यांनी उभं केलं, निवडून आले. मीटिंगला मात्र मालक जायचे आणि प्रोसिडिंगचं रजिस्टर सहीला घरी यायचं. तुमच्या पहिल्याच मीटिंगला तुम्ही रजिस्टर मिटून ठेवलंत आणि शिपायाला म्हणालात, "बाईंना बोलवा. त्या येईपर्यंत आपण चहा घेऊ." दोन चहा झाले. मी भाकरी थापत होते, हाताला पीठ तसंच घेऊन आले. त्या दिवशी तुमचा राग आला होता, आता सांगायला हरकत नाही.

14व्या वित्त आयोगाचा पैसा तेव्हा थेट ग्रामपंचायतीच्या खात्यावर यायला लागला होता आणि 'आमचं गाव, आमचा विकास' म्हणून आराखडा करायचा होता. आधीचा आराखडा तुम्ही कपाटातून काढलात, तर तिसऱ्या पानावर शेजारच्या गावाचं नाव! कुणी वाचलाच नव्हता, आम्ही तरी कुठं वाचला होता? नव्यासाठी मागण्या आल्या त्या अशा: वेशीवर कमान, देवळापुढं पेव्हर ब्लॉक, चौकात हायमास्ट. आणि मार्चपासून गावात टँकर. रस्त्यावर पेव्हर ब्लॉक आणि त्यावर हंड्यांची रांग, असं चित्र डोळ्यांपुढं आणा म्हणालात. काही लोक हसले, काही चिडले.

मग शाळेच्या व्हरांड्यात तुम्ही खडू घेतलात. ते गणित मला आता पाठ आहे, तरी लिहिते, म्हणजे दुसऱ्या गावच्या वाचणाऱ्यांनी आपापल्या आकड्यांनी मांडून बघावं. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी होतं. आपलं शिवार 800 हेक्टर. पाऊस 400 मिलिमीटर धरला, तर 320 कोटी लिटर. माणसं 1400, माणशी दिवसाला 55 लिटर, वर्षाचे झाले 2 कोटी 81 लाख. म्हणजे पडणाऱ्या पावसाच्या शंभराव्या भागाएवढंसुद्धा पाणी गावाला वापरायला लागत नाही. मग टँकर कसा येतो?

कुणीच बोललं नाही. तुम्ही पुढं लिहीत गेलात. निम्म्याहून जास्त ऊनवारा पितो, बरंचसं ओढ्यानं जातं, आपल्या काळ्या खडकात शंभरातले दहा-बारा भाग मुरले तरी नशीब. आणि एक एकर ऊस वर्षाला कमीत कमी 80 लाख लिटर पितो. भागाकार करायला तुम्ही सातवीतल्या पोरीला उठवलंत. तिनं सांगितलं, "साडेतीन एकर, सर." साडेतीन एकर उसात आख्ख्या गावाचं वर्षाचं पाणी! सगळ्यांच्या माना ज्यांच्याकडं वळल्या, त्यांचा ऊस सात एकर होता. ते उठून गेले. तुम्ही त्यांना थांबवलं नाहीत, टोमणाही मारला नाहीत. संध्याकाळी त्यांच्या वस्तीवर जाऊन चहा घेतलात, हे मला नंतर त्यांच्या सुनेकडून कळलं.

हिवरे बाजारला नेलंत, तेही बरं झालं. आम्हाला वाटलं होतं कुठलीतरी मोठी योजना बघायला मिळेल. बघितलं काय, तर पाऊस आपल्याएवढाच, डोंगर आपल्यासारखाच, आणि बोडका नाही. पोपटराव पवारांच्या त्या गावात 1990 च्या आसपास कामाला सुरुवात झाली, 1994 नंतर आदर्श गाव योजनेतून कामं वाढली. पण आमच्या बायकांच्या लक्षात राहिली ती त्यांनी स्वतःला घालून घेतलेली बंधनं. शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही, आणि दरवर्षी पाऊस मोजून मग रब्बीला काय पेरायचं ते ग्रामसभा ठरवणार. परत येताना टेम्पोत सरपंच म्हणाले, आपल्याकडं हे होणार नाही. तुम्ही म्हणालात, "नको होऊ दे. आपण आपलं काय होईल ते ठरवू." त्या दिवशी तुम्ही दुसऱ्याचं गाव उचलून आमच्यावर ठेवलं असतं, तर सगळं तिथंच संपलं असतं.

सगळ्यांना ओढा खोल करायचा होता, कारण मशीन आलं की काम झाल्यासारखं दिसतं. तुमचं एकच पालुपद, माथा ते पायथा. आधी डोंगरावर सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले, मग घळीत दगडी बांध, मग ओढा, सगळ्यात शेवटी तलाव. दोन काठ्यांना पारदर्शक नळी बांधून, तिच्यात पाणी भरून समपातळी कशी काढायची, ते तुम्ही आम्हा बचत गटाच्या बायकांना शिकवलंत. बाप्ये लांबून बघत होते. तिसऱ्या दिवशी चरांच्या रेघांवर फक्की टाकायला तेही आले.

तलावाचा गाळ आपण 2018 ला काढला. मशीनचा खर्च गाळमुक्त धरण योजनेतून, गाळ ज्याचा त्यानं वाहून न्यायचा. माझी आई बघायला आली होती. 72 च्या दुष्काळात ती ह्याच तलावाच्या बांधावर पाट्या वाहत होती, सुकडी खाऊन. ट्रॅक्टरमागून ट्रॅक्टर भरून चाललेले बघून म्हणाली, "एवढी माती तर आम्ही बांधालाबी वाहिली नव्हती, ही आली कुठून?" तुम्ही तिच्याशेजारी दगडावर बसलात आणि म्हणालात, "आजी, ही डोंगराची. वर चर नव्हते म्हणून खाली आली." माथा ते पायथा मला त्या क्षणी समजलं. त्याआधी वर्षभर मी नुसती मान हलवत होते.

शेळ्यांचं मात्र तुमच्याशिवाय कुणाला सुचलं नसतं. डोंगरावर चराईबंदीचा ठराव एकमतानं होत आला होता, कारण ज्यांच्या शेळ्या त्या डोंगरावर चरायच्या ती सात घरं ग्रामसभेला आलीच नव्हती. भूमिहीन माणसं, दिवस मोडून कोण येणार? तुम्ही ठराव तहकूब केलात आणि रात्री आठला वस्तीवर सभा लावलीत. ठरलं असं, की निम्मा डोंगर बंद, निम्मा उघडा, आणि बंद भागातलं गवत कापून न्यायचा पहिला हक्क त्या सात घरांचा. हा ठराव अजून पाळला जातो. एकमतानं केलेले कितीतरी ठराव केव्हाच विसरले गेलेत.

बायकांची नावं घराच्या उताऱ्यावर लावलीत, त्याबद्दल वेगळं काय लिहू? 'घर दोघांचं' म्हणून नमुना आठवर नवऱ्याशेजारी बायकोचं नाव चढवायचं, हा शासनाचा नियम कितीतरी वर्षं होता. तुम्ही तो वापरलात, एवढंच म्हणाल. आईला मी तो उतारा वाचून दाखवला होता.

सगळं छान चाललंय असं लिहिलं तर तुम्हाला खोटं वाटेल, म्हणून खरं सांगते. तुमची बदली झाल्यावर दोन वर्षं पाण्याचा ताळेबंद, म्हणजे किती पडलं आणि किती लागतं तो हिशेब, मांडलाच नाही, पाऊस चांगला होता आणि माणसं सैल पडली. रस्त्याकडेच्या मळ्यांत रात्रीतून तीन बोअर झाले. कमानही झाली, बघाल तेव्हा हसाल. ऊस पूर्ण गेला नाही. सात एकरवाल्यांनी तो दोनवर आणला आणि तोही ठिबकवर, बाकी कांदा आणि हरभरा. पण टँकर बंद आहे. ओढ्याच्या काठाला दुकानगाळे काढायचा विषय दोनदा आला आणि दोनदा पडला, कारण आराखड्याच्या नकाशात तिथं तुम्ही हिरवी रेघ मारून ठेवलीय आणि खाली आमच्या सह्या आहेत.

शाळेतला पर्जन्यमापक पोरं रोज सकाळी साडेआठला वाचतात आणि आकडा फळ्यावर लिहितात. ते साडेतीन एकरचं गणित खडूचं होतं, पुसलं जाईल म्हणून आम्ही ऑइलपेंटनं व्हरांड्याच्या भिंतीवर लिहून घेतलं. रंगाऱ्यानं 'ताळेबंद'चा 'ताळमेळ' करून ठेवलाय. तसाच राहू दिलाय.

2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत यंदाचा हिशेब आहे. त्याच्या आदल्या दिवशी महिला सभा. आकडे त्या सातवीतल्या पोरीनं जमवलेत, ती आता ॲग्रीच्या पहिल्या वर्षाला आहे. तुम्ही या. खुर्ची ठेवणार नाही, भाषणही सांगणार नाही, मागं सतरंजीवर बसा आणि भागाकार चुकला तर सांगा.

आणि तुमची तीस मीटरची टेप आमच्याकडंच राहिलीय. चर मोजून मोजून तिचे पहिल्या मीटरचे आकडे पुसलेत, तिथं आम्ही पेनानं पुन्हा लिहिलेत. परत मागू नका.

आपली,
वॉर्ड क्रमांक 2 ची तेव्हाची सदस्य