रविवारची बैठक : पुस्तक वाचून या
मंडळी, येत्या रविवारी संध्याकाळी ५ वाजता, नेहमीच्या जागी. पुस्तक ॲलिसन कॉक्रन यांची २०२१ सालची कादंबरी ‘द चार्म ऑफेन्सिव्ह’. टीव्हीवरच्या जोडी जमवण्याच्या कार्यक्रमात चार्लीने स्पर्धक मुलींतून एकीला निवडायचं असतं; जीव मात्र जडतो कॅमेऱ्यामागून त्याला सांभाळणाऱ्या देव देशपांडेवर. अमेरिकी प्रेमकथेत हे आडनाव दिसलं आणि मी ते पान दोनदा वाचलं! चार्लीचा ओसीडी (तेच ते विचार आणि कृती टाळता न येणारा मानसिक आजार) आणि देवचं नैराश्य फार हळुवारपणे आलंय, तो भाग कृपया घाईत उरकू नका. ज्यांच्याकडे ग्रुपच्या प्रती आहेत त्यांनी वाचून झाल्यावर गुरुवारपर्यंत पुढच्यांना द्या. आणि शेवट कुणीही आधी इथे लिहू नका.