हजेरी म्हणजे सहभाग नव्हे

महाविद्यालयीन वर्ग ओस पडत असल्याने हजेरीची सक्ती कडक करावी, हे आपल्या अग्रलेखातील मत पटले नाही. बाकावर बसलेला विद्यार्थी शिकत असतोच असे नाही. हजेरीसाठी कितीही आधुनिक यंत्र बसवले, तरी त्याला चेहरा दिसतो, लक्ष नाही. प्रश्न वर्गात काय घडते याचा आहे. विज्ञान, अभियांत्रिकी व गणिताच्या अध्यापनावरील २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसती व्याख्याने होणाऱ्या वर्गांत अनुत्तीर्णांचे सरासरी प्रमाण सुमारे ३४ टक्के होते, तर चर्चा, गटकार्य आणि वर्गातच उदाहरणे सोडवणे यांना स्थान देणाऱ्या वर्गांत सुमारे २२ टक्के.

गंमत म्हणजे, असे वर्ग विद्यार्थ्यांना आवडतातच असे नाही. हार्वर्डमधील भौतिकशास्त्राच्या वर्गांवरील २०१९ च्या अभ्यासात विद्यार्थी अशा पद्धतीने अधिक शिकले, पण आपण कमी शिकलो असे त्यांना वाटले. डोके चालवायचे श्रम होतातच! म्हणून पद्धत बदलताना तिचे कारण पहिल्याच तासाला विद्यार्थ्यांना सांगायला हवे आणि प्राध्यापकांना तयारीसाठी वेळ मिळायला हवा. अग्रलेखात या दोन्हींचा उल्लेखही नाही.

– एक प्राध्यापक