ढालीऐवजी वही : निवृत्त केंद्रप्रमुख बाईंना जाहीर आभारपत्र

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

‘आदर्श विद्यार्थी’ची ढाल आता आमच्या शाळेत दिली जात नाही. तिच्या जागी मुलांच्या चांगल्या वागण्याच्या नोंदींची, तुम्ही लावून दिलेली वही आहे. तिच्याबद्दल तुमचे आभार मानायला हे पत्र. जाहीर लिहितो आहोत, कारण ज्या शाळांना ही पद्धत उचलायची असेल त्यांना ती खाचाखोचांसकट मिळावी.

वही साधी, २०० पानी. वर्गात ४० मुलं असतील तर प्रत्येकाला चार पानं. नोंदीत चार गोष्टी यायलाच हव्यात : तारीख, प्रसंग, मुलानं नेमकं काय केलं किंवा काय म्हटलं, आणि त्यानं पुढे काय झालं. विशेषणाला बंदी. ‘प्रामाणिक आहे’ असं लिहिलेली नोंद तुम्ही लाल पेनानं खोडायचात. ‘गणिताच्या पेपरात बेरीज दोन गुणांनी जास्त झाली होती, स्वतः येऊन दाखवली, गुण कमी झाले’ ही नोंद चालायची. नोंद त्याच दिवशी, शाळा सुटण्याआधी व्हायची, कारण आठवडाभरानं प्रसंग विसरलेला असतो आणि उरतं ते फक्त मुलाविषयीचं आपलं मत.

जागतिक आरोग्य संघटनेची दहा जीवनकौशल्यं आमच्या व्हरांड्यातही रंगवलेली आहेत. समानुभूती, भावनांचं समायोजन, समस्या निराकरण वगैरे. ती दिसतात कुठे, हे मात्र भिंत सांगत नाही. ते तुम्ही सांगितलंत. पोषण आहाराच्या रांगेत शेवटच्या मुलाला केळं उरत नाही तेव्हा. खेळाचे गट पाडताना एकाला कोणीच घेत नाही तेव्हा. उत्तरपत्रिका हातात पडल्यावरच्या पहिल्या पाच मिनिटांत. सहलीच्या बसमध्ये कोणाला उलटी होते तेव्हा. तास चालू असताना बाकावर हाताची घडी घालून बसलेल्या मुलाच्या स्वभावातलं फारसं काही कळत नाही, पण आपली शिस्तीची बक्षिसं बहुतेक त्याच घडीला जातात.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो ‘रोजची दोन नावं’ या युक्तीचा. रोज सकाळी हजेरीतली पुढची दोन नावं मनात धरायची आणि दिवसभर त्यांच्याकडे जरा जास्त लक्ष ठेवायचं. शाळेचे २० दिवस झाले की ४० मुलांचा फेरा पुरा. हे केलं नाही तर काय होतं ते कोणत्याही वर्गाच्या वहीत दिसेल : मॉनिटर, भाषण करणारी मुलगी आणि पहिला नंबर यांची पानं भरलेली, मधल्या बाकांवरची कोरी. एका गुणात चमकणारं मूल सगळ्याच गुणांत चांगलं वाटू लागतं, आणि आपल्याला कळतही नाही. म्हणून महिनाअखेरीला आधी कोरी पानं शोधायची. कोरं पान म्हणजे पाहणारा कमी पडला, एवढाच त्याचा अर्थ, हे तुम्ही ठामपणे सांगायचात.

दुसरी तपासणी मुलगे आणि मुली यांच्या नोंदी शेजारी ठेवून करायची. मुलींच्या पानांवर नीटनेटकेपणा, मदत, शांतपणा, मुलग्यांच्या पानांवर धाडस आणि पुढाकार, अशी वाटणी जवळपास प्रत्येक वर्गात निघते. भांडण मुलीनं सोडवलं तर ते ‘समजूतदारपणा’, मुलग्यानं सोडवलं तर ‘नेतृत्व’!

आता बक्षिसाचं. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या बालवाडीत केलेला प्रयोग तुम्ही आम्हाला सांगितला होतात. चित्रं काढल्यास प्रमाणपत्र मिळेल असं ज्या मुलांना आधी सांगितलं, ती मुलं नंतर मोकळ्या वेळेत इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत बसली. अचानक प्रमाणपत्र मिळालेल्यांची गोडी मात्र टिकून होती. त्यावरून तुमचा नियम : आधी जाहीर करायचं नाही, वस्तू द्यायची नाही. सापडलेली वस्तू आणून देणाऱ्याला पेन मिळतं हे एकदा कळलं, की वर्गात खोडरबर हरवण्याचं प्रमाण एकाएकी वाढतं, आणि ते शोधून आणून देणारेही तेच ते असतात. शंभर टक्के हजेरीचं बक्षीस तापानं फणफणलेल्या मुलाला शाळेत आणून बसवतं.

म्हणून फक्त एक कार्ड. ए-फोर जाड कागदाचा अर्धा तुकडा, वर्गशिक्षकाच्या अक्षरात तीन ओळी, खाली सही आणि तारीख. नमुना असा : ‘कबड्डीत स्पर्श झालेला पंचांना दिसला नव्हता. तू स्वतः हात वर करून बाहेर गेलास. तुमचा संघ हरला, तरी पुढच्या डावात दोन्ही संघांनी तुलाच पंच केलं.’ मुलाला काय पुन्हा करायचं ते यातून कळतं. ‘उत्कृष्ट वर्तन’ यातून काहीच कळत नाही. महिन्याला वर्गात चार-पाच कार्डं पुरे. सगळ्यांना एकाच दिवशी वाटली तर त्यांचा खाऊ होतो.

कार्ड कसं द्यायचं ते मुलाला विचारून ठरवायचं. काहींना परिपाठात वाचलेलं आवडतं, काहींना चारचौघांत उभं राहणं ही शिक्षाच वाटते. त्यांच्या दप्तरात कार्ड ठेवावं. घरची गरिबी, वडिलांचं व्यसन, आजारपण यांतला एक शब्दही कार्डात नको. ‘परिस्थिती बिकट असूनही’ हे वाक्य कौतुकाचं वाटतं खरं, पण वर्गाला त्यातली परिस्थितीच लक्षात राहते. आणि शाळेतून घरी कागद आला म्हणजे तक्रारच, अशी पालकांची समजूत असल्यामुळे पहिल्या कार्डाबरोबर तोंडी निरोप पाठवावा.

मुलांनी मुलांबद्दल लिहायच्या चिठ्ठ्यांसाठी मतदान घ्यायचं नाही. मतदानात लोकप्रिय मूलच जिंकतं. हजेरी क्रमांकाची चिठ्ठी प्रत्येकानं उचलायची आणि आठवडाभर त्या एकाच मुलाकडे पाहून काय दिसलं ते लिहायचं. वाटण्याआधी शिक्षकानं प्रत्येक चिठ्ठी वाचलीच पाहिजे. टोमणे मारणारी एखादी तरी निघतेच.

याचा एक फायदा शिक्षकांचाही आहे. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयापासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात वर्णनात्मक नोंदी आल्या, आणि त्यांच्यापाठोपाठ तयार वाक्यांच्या पुस्तिकाही. ‘सर्वांशी मिळूनमिसळून वागतो’ हे वाक्य राज्यात किती प्रगतिपत्रकांवर असेल, देव जाणे. वही भरलेली असली की सत्राअखेरीला ती वाक्यं शोधत फिरावं लागत नाही. नव्या शैक्षणिक धोरणातल्या समग्र प्रगतिपत्रकात स्वतःचं आणि सहाध्यायांचं मूल्यमापन अपेक्षित आहे, त्यालाही हेच साहित्य कामी येतं.

एका बाबतीत मात्र आम्ही तुमचं ऐकलेलं नाही. २६ जानेवारीच्या मंचावर कौतुकाचा कार्यक्रम नकोच, असं तुमचं म्हणणं. आम्ही तो ठेवला आहे, पण फक्त गटाच्या कामासाठी. पाण्याच्या टाकीभोवतीचा चिखल सहावी-सातवीच्या मुलांनी विटा लावून हटवला, तर ते गावासमोर सांगायला हवं असं आम्हाला वाटतं. पाहुण्यांचा नारळ त्यामुळे वाचलेला नाही, पण एकट्या मुलाला ढाल देऊन बाकीच्यांना टाळ्या वाजवायला बसवणं बंद झालं. यावर तुम्ही नाराज असाल तर समोर बसून भांडा. चालू वर्षाच्या सगळ्या वह्या लाल पेनासाठी बाजूला काढून ठेवल्या आहेत.

आपले कृतज्ञ,
शाळेतील सर्व वर्गशिक्षक