नवोदित सभासदांसाठी स्मरणसूचना : कामाचा नमुना सोबत आणण्याबाबत

सार्वजनिक इतिहास (सर्वसामान्य लोकांसाठी व त्यांच्यासोबत मांडला जाणारा इतिहास) आणि संग्रहालय क्षेत्रात नुकतेच काम सुरू केलेल्या सभासदांनी पुढील बैठकीस येताना स्वतः केलेल्या कामाचा एक तरी नमुना, मग ती संग्रहातील वस्तूची नोंद असो, दालनातील माहितीफलकाचा मजकूर असो वा ध्वनिमुद्रित मुलाखतीचे शब्दांकन असो, कृपया सोबत आणावा. मुलाखत असल्यास ती देणाऱ्याची लेखी संमती जोडणे बंधनकारक आहे. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने २०२२ मध्ये प्राग येथे स्वीकारलेल्या संग्रहालयाच्या व्याख्येत लोकसमूहांच्या सहभागाचा स्पष्ट उल्लेख असल्याने, आपल्या कामात हा सहभाग कोठे दिसतो हेही दोन ओळींत लिहावे. नेमणुकीच्या वेळी पदवीइतकाच कामाचा असा पुरावा बोलका ठरतो, असे आम्हांस मनापासून वाटते. विनावेतन उमेदवारी (शिकाऊ म्हणून काम) स्वीकारण्यापूर्वी ज्येष्ठ सभासदांशी अवश्य बोलावे.