मणक्याला हात लावण्याआधी रुग्णाला विचारा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आमच्या सोलापुरात गेल्या काही महिन्यांपासून 'मणक्याचा उपचार, गोळी नाही, ऑपरेशन नाही' अशा फलकांची शिबिरे वारंवार भरू लागली आहेत. कुठे कायरोप्रॅक्टिक (हाताने मणक्यांना झटके देऊन करायची उपचारपद्धती), कुठे मॅन्युअल थेरपी म्हणजे हाताने केलेले उपचार, तर कुठे नुसतेच 'मणका सेटिंग' असे लिहिलेले असते. दिवसभर यंत्रमागावर उभे राहणारे कामगार आणि मांडीवर सूप घेऊन, मान खाली घालून विड्या वळणाऱ्या हजारो बाया असलेल्या या शहरात पाठीचे आणि मानेचे दुखणे घरोघरी आहे. त्यामुळे अशा शिबिरांना गर्दी होते, आणि त्या गर्दीला मी नावे ठेवणार नाही.

माझी थोरली बहीण त्याच गर्दीत होती. चाळीस वर्षे विड्या वळलेली ही बाई संधिवातासाठी बरीच वर्षे स्टेरॉइडच्या गोळ्या घेत आहे. शिबिरात तिचे नाव आणि वय लिहून घेतले, पैसे घेतले, तिला पालथे झोपवले आणि पाठीवर दोन्ही तळहातांनी झटका दिला. त्या रात्री तिला कूस बदलता येईना. चौथ्या दिवशी काढलेल्या एक्स-रेमध्ये एक मणका चेपलेला दिसला. तो आधीच दबलेला होता की त्या झटक्याने दबला, हे खात्रीने सांगता येणार नाही, असे अस्थिरोगतज्ज्ञांनी प्रामाणिकपणे सांगितले; मात्र इतकी वर्षे स्टेरॉइड घेतलेल्या बाईची हाडे ठिसूळ असणार हे गृहीत धरून तिच्या पाठीला झटका द्यायलाच नको होता, याबद्दल त्यांना शंका नव्हती. गोळ्यांची चिठ्ठी तिच्या पिशवीतच होती. ती कोणी मागितली नाही.

हाताने केलेले सगळेच उपचार घातक असतात, असे माझे म्हणणे नाही. साध्या कंबरदुखीत अशा उपचाराने काही रुग्णांना आराम पडतो. तो व्यायामाच्या जोडीने द्यावा, असे ब्रिटनमधील २०१६ ची मार्गदर्शक सूचना सांगते. डॅनियल डेव्हिड पामर यांनी १८९५ मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यात सुरू केलेल्या कायरोप्रॅक्टिकला ब्रिटनमध्ये १९९४ पासून कायद्याची चौकट आहे; तेथे नोंदणी नसलेल्या माणसाला स्वतःला कायरोप्रॅक्टर म्हणवून घेता येत नाही. आपल्याकडे भौतिकोपचार तज्ज्ञांसाठी (फिजिओथेरपिस्ट) नोंदणीची व्यवस्था आहे, पण कायरोप्रॅक्टरांसाठी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. परदेशात काही वर्षे रीतसर शिकून आलेला माणूस आणि चार दिवसांच्या वर्गात किंवा मोबाइलवरील चित्रफिती पाहून शिकलेला माणूस या दोघांचे फलक आपल्या रस्त्यावर सारखेच दिसतात, आणि काही बिघडले तर तक्रार कोणाकडे करायची हेही रुग्णाला कळत नाही.

त्या चित्रफितींमधील 'कडक' आवाजाचा लोकांवर फार पगडा आहे. सरकलेला मणका जागेवर बसल्याचा तो आवाज, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात सांध्यातील द्रवावरचा दाब अचानक कमी होऊन त्यात वायूची पोकळी तयार होण्याशी त्या आवाजाचा संबंध आहे. आवाज आला म्हणजे दुखणे गेले असे होत नाही, आणि आवाज येत नाही म्हणून पुन्हा जोर लावणे तर चुकीचेच आहे.

मानेच्या बाबतीत मला सर्वांत जास्त काळजी वाटते. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या दोन धमन्या मानेच्या वरच्या सहा मणक्यांच्या छिद्रांतून वर जातात. त्यांच्या आतील अस्तराला चीर पडली, तर तेथे गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो. मानेला झटका दिल्यानंतर असे घडणे विरळ आहे. धमनी झटक्यामुळे फाटते, की आधीच फाटलेल्या धमनीमुळे मान दुखते म्हणून रुग्ण उपचाराला येतो, यावर तज्ज्ञांत मतभेदही आहेत. पण यांतले काहीही खरे असले, तरी मानेला हात घालण्याआधी करायची चौकशी तीच राहते: हे दुखणे अचानक आणि पूर्वी कधी नव्हते असे आहे का, त्याबरोबर चक्कर, दुहेरी दिसणे, बोलताना जीभ अडखळणे किंवा चालताना तोल जाणे असे काही होते का? केस कापून झाल्यावर न्हाव्याकडून मान मोडून घेण्याची आपल्याकडची सवयही याच कारणासाठी सोडायला हवी.

पाठीचेही तसेच आहे. क्षयरोग मणक्यालाही पोखरतो, आणि आपल्या देशात हा आजार दुर्मीळ नाही. संध्याकाळचा ताप, घटलेले वजन, पूर्वी झालेला कर्करोग, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, नुकतेच पडणे, पायातली ताकद कमी होणे, यांतले काहीही असेल तर रुग्णाला आधी डॉक्टरांकडे पाठवले पाहिजे. आणि लघवी अडणे किंवा जांघेत, बैठकीच्या जागी बधिरपणा येणे असे असेल, तर त्याच दिवशी रुग्णालयात. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्येच कायरोप्रॅक्टिकच्या प्रशिक्षणाबाबत आणि सुरक्षिततेबाबत मार्गदर्शक तत्त्वे काढली असून कोणत्या रुग्णाला झटका देऊ नये हे त्यांत सांगितले आहे. एवढे विचारायला दहा मिनिटे पुरतात.

उपचारापूर्वी त्याचे स्वरूप, धोके आणि अन्य पर्याय रुग्णाला सांगून संमती घ्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये डॉक्टरांबाबत स्पष्ट केले आहे. डॉक्टरांना जे बंधन आहे, ते मंगल कार्यालयातील शिबिराला नसावे, याला काय आधार आहे? सोलापूर महानगरपालिकेच्या आरोग्य विभागाला माझी विनंती आहे की, उपचार करणाऱ्याचे शिक्षण आणि असल्यास नोंदणी क्रमांक दर्शनी भागात लावल्याशिवाय, प्रत्येक रुग्णाचा केसपेपर लिहून त्याची प्रत त्याच्या हातात दिल्याशिवाय असे शिबिर भरू देऊ नये. संमतीचा कागद मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दूतही असावा, कारण विडी कामगार वस्त्यांमधील अनेक वयस्कर बायांना मराठी वाचता येत नाही. ज्यांना कोणतीच लिपी येत नाही, त्यांना तो वाचून दाखवावा.

तोपर्यंत वाचकांनी जुनी औषधे आणि एक्स-रे सोबत नेऊन स्वतःहून दाखवावेत, मानेला झटका नको असेल तर तसे स्पष्ट सांगावे, आणि उपचारानंतर चेहरा किंवा हात बधिर झाला, बोलणे जड झाले किंवा तोल जाऊ लागला, तर पुन्हा त्याच शिबिरात न जाता तडक मोठ्या रुग्णालयात जावे. पक्षाघातातील गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

आपला,
एक वाचक, सोलापूर