चिरेखाणीतला डायनासोर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात पहिल्या पानावर चिरेखाणीत सापडलेल्या ‘डायनासोरच्या कवटी’चा फोटो पाहिला. मथळ्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह टाकले की पुढची जबाबदारी संपते, असा काही नियम आपल्या व्यवसायात असल्यास कल्पना नाही. खालच्या मजकुरात मात्र ते प्रश्नचिन्ह कुठे दिसले नाही. सरपंच बोलले, खाणवाले बोलले, ‘एक जाणकार’ही बोलले. भूशास्त्र शिकलेल्या एकाही माणसाला फोन केल्याचे दिसत नाही. दोनापावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेपासून ताळगावच्या पठारावरच्या गोवा विद्यापीठापर्यंत अशी माणसे पगारी बसलेली आहेत हो!

फोटोतल्या वस्तूला शेजारी शेजारी दोन भोके आहेत, म्हणून ती कवटी. तशा कवट्या माझ्या परसातल्या गडग्यात (दगडी कुंपणात) पुष्कळ आहेत, वार्ताहरांनी अवश्य यावे, चहाही मिळेल. चिरे निघतात तो जांभा म्हणजे लाखो वर्षांच्या पावसाने कुजलेला खडक. त्यातला चुन्याचा अंश केव्हाच धुऊन जातो आणि मागे उरते ते लोह आणि ॲल्युमिनियम. हाडातही चुन्याचाच अंश, ते त्यात टिकायचे कसे? आणि जांभ्याच्या खालचा आपल्या गोव्यातला बहुतेक खडक अडीचशे कोटी वर्षांच्या आगेमागेचा. पाठीचा कणा असलेले पहिले प्राणी आले तेच मुळी पन्नास कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास. सत्तरी तालुक्याच्या ईशान्येकडच्या कडेला डेक्कन ट्रॅपचा, म्हणजे डायनासोरांच्या अखेरच्या काळात थिजलेल्या लाव्हाचा, काळा दगड आहे, तिथे कुणी शोध घेतला तर एकवेळ समजू शकतो. मुंबईत वरळीला लाव्हाच्या थरांमध्ये अडकलेल्या गाळात बेडकांचे सांगाडे मिळाले होते, रिचर्ड ओवेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८४७ साली त्यांचे नामकरणही केले. पण चिरेखाणीत डायनासोर? शिवाय ते ‘६५ लाख वर्षांपूर्वी’ नष्ट झाले असे आपण छापले आहे. ६ कोटी ६० लाख, साहेब. वीजबिलात असा घोळ झाला असता तर आपणच अग्रलेख लिहिला असता.

मला राग का आला ते सांगतो. मी पेडण्यात हायस्कुलात विज्ञान शिकवत असे. एका वर्षी पावसाळा सरता सरता रापणकारांना (किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या मच्छीमारांना) केरीच्या किनाऱ्यावर उखळाएवढा मणका मिळाला आणि तो त्यांनी शाळेत आणून दिला. नववीची मुले त्याच्यावर तुटून पडली. मी त्यांना आधी वास घ्यायला लावला. उन्हात कितीही वाळवला तरी त्यातून तेल पाझरत होते, खाली पसरलेल्या वर्तमानपत्रावर (आपल्याच) पिवळे डाग पडत. जीवाश्माला तेल सुटत नाही. त्याच्या छिद्रांत खनिज भरलेले असते, तो हातात घेतला की जड लागतो. मग मणक्याची तोंडे पाहिली. दोन्ही सपाट, आणि एका बाजूची चकती सुटून आलेली. म्हणजे देवमासा, तोही पुरती वाढ न झालेला, कारण वाढ संपल्यावर त्या चकत्या मणक्याला जोडून जातात. हे एका मुलीने मी सांगायच्या आधी ओळखले.

मुलांनी पुठ्ठ्यावर सगळे लिहून काढले: किनारा, तारीख, भरतीच्या रेषेपासूनचे अंतर, कुणाला मिळाला, मापे. देवमासा संरक्षित प्राणी, त्याचे हाड शाळेत ठेवणे योग्य नाही, म्हणून पत्रासह एका सरकारी कार्यालयाच्या स्वाधीन केले. ‘प्रदर्शनात ठेवू’ असे आश्वासन मिळाले. पोच मात्र मिळाली नाही.

पुढे दुसऱ्या वर्गाची सहल घेऊन गेलो, तर मणका दाराला टेकू म्हणून लावलेला. पुठ्ठा गायब. त्याच्या जागी नवी चिठ्ठी, सुवाच्य अक्षरात: ‘डायनासोरचे हाड, गोवा’. मी विचारले, हे कुणी लिहिले? तिथले गृहस्थ हसून म्हणाले, “मास्तर, पोरांना देवमाशापेक्षा डायनासोर आवडतो.” त्यानंतर कार्यालयाची रंगरंगोटी झाली आणि मणका टेकूच्या नोकरीतूनही गेला. कुठे, ते कुणी सांगत नाही.

आता जबलपूरचे पाहा. १८२८ साली स्लीमनने (ठगांचा बंदोबस्त करणारा तोच) तिथल्या बडा शिमला टेकडीवर हाडे उचलली. ती या साहेबाकडून त्या साहेबाकडे फिरत कलकत्त्याला पोचली. १८७७ मध्ये लिडेकर या ब्रिटिश जीवाश्मतज्ज्ञाने शेपटीचे मणके पाहिले: पुढून खोलगट, मागे गोल उंचवटा. देवमाशासारखे सपाट नव्हेत. त्यावरून त्याने नवा प्राणी ठरवला, टायटॅनोसॉरस इंडिकस. भारतातला नाव मिळालेला पहिला डायनासोर तो. पुढे तसेच मणके इतर अनेक जातींत सापडले, तेव्हा एवढ्या पुराव्यावर स्वतंत्र जात टिकत नाही असा निकाल २००३ मध्ये संशोधकांनी दिला. मधल्या काळात मूळ हाडेही कुठे गेली ते कळेनासे झाले होते. तरी २०१२ मध्ये त्यातला एक मणका कलकत्त्यातच, भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात पुन्हा सापडला. नाव गेले, हाड परत आले. ते ओळखू आले, कारण त्याचे जुने वर्णन आणि चित्र छापलेले होते.

तसेच गुजरातेतल्या धोळी डुंगरीचे. भूवैज्ञानिक धनंजय मोहबे यांनी तिथे १९८०च्या दशकात एक दगड काढला. त्यात डायनासोरची अंडी होती आणि शेजारची नाजूक हाडे पिल्लाची असावीत असे वाटले. २००१ मध्ये अमेरिकी जीवाश्मतज्ज्ञ जेफ्री विल्सन यांनी तोच दगड पाहिला आणि त्यातले काही मणके सापाचे आहेत हे ओळखले. घरट्यापाशी वेटोळे घातलेला साडेतीन मीटरचा साप! त्याला सनाजेह इंडिकस हे नाव मिळायला २०१० उजाडले. इतकी वर्षे तो दगड कुणी दाराला लावला नाही, म्हणून हे शक्य झाले. आणि आपल्या वार्ताहराने एका दुपारीत, मोबाइलच्या फोटोवरून, जातकुळी ठरवून टाकली.

दोन वर्षांत तर वाघाच्या पावलांपासून परग्रहवासीयांपर्यंत सगळे आपल्या पहिल्या पानावर येऊन गेले, आणि खरी गोष्ट असली की ती नवव्या पानावर, शोकसंदेशांच्या खाली. मागे मी लिहिलेल्या पत्राचा शेवटचा परिच्छेद आपण कापलात, नेमका मुद्दा त्यातच होता. नावही ‘पेडणे’ऐवजी ‘पणजी’ असे छापले. असो.

‘कवटी’ पंचायतीत सुरक्षित ठेवल्याचे वाचले. पंचायतीला माझी विनंती आहे की तिला पॉलिश करू नये, हार घालू नये, आणि ती नेमक्या कोणत्या खाणीतून, किती खोलीवरून निघाली ते आजच कागदावर लिहून तिच्यासोबत बांधून ठेवावे. दगडच निघणार आहे, पण लिहायची सवय तरी लागेल. आणि तज्ज्ञ तसे म्हणतील तेव्हा ती बातमी पहिल्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या फोटोसह यावी, ही आपल्याला विनंती. हा परिच्छेद कृपया कापू नये.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, पेडणे (पणजी नव्हे)